नीतिशास्त्र शिकताना : एका शिक्षिकेचे मनोगत

गेली दोन वर्षे मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. दिवसा देवनार परिसरातल्या शाळेत सातवी-आठवीला शिकवते आणि रात्री घरातलं सगळं आटोपलं की दूरशिक्षणातून तत्त्वज्ञानाचा एम.ए.चा अभ्यास करते. या वर्षी नीतिशास्त्राचा पेपर होता. खरं सांगायचं तर हा पेपर मला सोपा जाईल असं वाटलं होतं. मूल्यशिक्षणाचे तास मी वर्षानुवर्षे घेत आले आहे. सत्य, अहिंसा, श्रमप्रतिष्ठा हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणतीच नाही. पण या पेपरने मला जितकं अस्वस्थ केलं, तितकं दुसऱ्या कुठल्याच विषयाने केलं नाही. तो अनुभव शिक्षक आणि पालकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

स्वाध्यायाचा विषय

आम्हाला एक स्वाध्याय होता. घराजवळचा एक नैतिक प्रश्न निवडायचा आणि तो निरनिराळ्या सिद्धांतांवर घासून बघायचा. देवनारमध्ये राहणाऱ्या माणसाला विषय शोधावा लागत नाही. वारा फिरला की तो आपोआप घरात येतो. मी विषय घेतला : ‘देवनारचे डंपिंग ग्राउंड बंद करावे का?’

थोडी पार्श्वभूमी सांगते. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला टाकला जातो. गिरण्यांची मुंबई गेली, टॉवरची मुंबई आली, पण हे डोंगर वाढतच राहिले. जानेवारी २०१६ मध्ये इथे मोठी आग लागली. धूर दिवसेंदिवस हटेना, आसपासच्या पालिका शाळांना सुट्टी द्यावी लागली. तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आता शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, तरी देवनारच्या गाड्या थांबलेल्या नाहीत. ज्या एम-पूर्व विभागात हे सारं आहे, तो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व विभागांमध्ये तळाला होता. याच देवनारमध्ये १९५४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे. समाजाचा अभ्यास शिकवणारी संस्था आणि शहराने टाकून दिलेल्या वस्तूंचा डोंगर, दोन्ही एकाच परिसरात.

पहिला सिद्धांत : पुष्कळांचे पुष्कळ सुख

सुरुवात मी उपयुक्ततावादापासून केली. जेरेमी बेंथम आणि नंतर जॉन स्टुअर्ट मिल यांनी मांडलेला हा विचार. ज्या कृतीने जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख साधतं, ती कृती योग्य. मी वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला डंपिंगचे तोटे : धूर, दुर्गंधी, खोकला, माश्या, पावसाळ्यात झिरपणारं काळं पाणी. दुसऱ्या बाजूला फायदे. तिथे मी एकच ओळ लिहिली : शहराच्या कचऱ्याची सोय होते. बेरीज-वजाबाकी झाली आणि पंधरा मिनिटांत उत्तर आलं : बंद करावे. मला माझंच कौतुक वाटलं.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या मताची सविस्तर तपासणी केली आहे. नुसतं बाहेरचं फळ आणि माणसांची संख्या मोजून नीती ठरत नाही, कर्म करणाऱ्याची बुद्धी कशी आहे तेही पाहावं लागतं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. ते प्रकरण मी वाचलं, परीक्षेसाठी मुद्दे काढले आणि पुढे गेले. आपल्या हिशेबात आपलीच बुद्धी तपासायची राहिली आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही. ते लक्षात आणून दिलं वर्गातल्या एका मुलाने.

वर्गातला प्रसंग

सातवीतला एक मुलगा दर सोमवारी गैरहजर असायचा. मंगळवारी चिठ्ठी आणायचा : ताप होता. अक्षर त्याचंच, खाली सही आईची, तीही त्याच्याच अक्षरात. त्या आठवड्यात परिपाठाचा सुविचार होता ‘नेहमी खरे बोलावे’. मी चिठ्ठी हातात धरली आणि त्याला सर्वांसमोर उभं केलं. “खरं सांग. कुठे होतास?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “डंपिंगला गेलो होतो, टीचर. आईबरोबर.”

वर्ग हसला. कुणीतरी नाक दाबलं. मी हसणाऱ्यांना रागावले आणि वर म्हणाले, “बघा, खरं बोलायला धाडस लागतं.” मला वाटलं, मूल्यशिक्षणाचा उत्तम तास झाला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. आठ दिवस.

दुसरा सिद्धांत : खोटे कधीच बोलू नये?

त्याच आठ दिवसांत माझ्या अभ्यासात इमॅन्युएल कांट आला. कांटच्या मते नीती म्हणजे कर्तव्य, आणि कर्तव्य परिणामांवर अवलंबून नसतं. जो नियम सगळ्यांनी पाळावा असं तुम्हाला मनापासून म्हणता येईल, त्यानुसारच वागा. खोट्याला तर कांट जागाच ठेवत नाही. खुनी माणूस दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारतो, तेव्हाही खोटं बोलण्याचा हक्क नाही, असं त्याने १७९७ च्या एका निबंधात लिहिलं.

आपल्याकडे महाभारताच्या कर्णपर्वात याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याने सदैव खरं बोलायचं व्रत घेतलेलं असतं. चोरांच्या भीतीने काही माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत लपतात. चोर येऊन विचारतात, कौशिक खरं सांगतो, माणसं मारली जातात. त्या सत्यामुळे कौशिकाला नरक मिळाला, असं श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात. मी ही गोष्ट वर्गात दोनदा तरी सांगितली असेल. पण त्या रात्री वाचताना पहिल्यांदा जाणवलं की या गोष्टीत विचारणारेही आहेत. आपण कायम सांगणाऱ्याची नीती तपासतो. विचारणारा कुठल्या हेतूने, कुणासमोर विचारतो, याची कोण तपासणी करणार?

कांटचंच दुसरं सूत्र तर थेट माझ्यावर आलं. माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नका, तो स्वतः साध्य आहे. मी त्या मुलाला काय केलं होतं? चाळीस मुलांना सुविचार समजावा म्हणून त्याला उदाहरण केलं होतं. तो खोटं बोलला हे खरंच. पण खरं बोलण्याची किंमत वर्गात इतकी वाढवून ठेवली होती मीच.

घरी गेले तेव्हा

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. गल्ली अरुंद, दाराशी गोण्या रचलेल्या. एकीत प्लॅस्टिक, एकीत पत्रा, एकीत पुठ्ठा. आई मूळची जालन्याकडची. मराठवाड्यातून १९७२ च्या दुष्काळानंतर इकडे आलेली कितीतरी कुटुंबं या वस्त्यांमध्ये आहेत, त्यांतलंच हे एक. मी बोलायला सुरुवात करण्याआधीच ती म्हणाली, “बाई, त्याचं नाव काढू नका. रविवारचा माल सोमवारी जास्त पडतो. माझ्या एकटीच्यानं वजन होत नाही.”

मी तिला समजावलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला कायद्याने बंदी आहे, घरच्या कामात मदत चालते तीसुद्धा शाळेनंतर आणि धोक्याची नसेल तरच. डंपिंगवर काचा, सुया, गाड्यांची ये-जा. हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती मान डोलावत होती. मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत होता. निघताना मी त्याला सॉरी म्हटलं. त्याने त्यावर काही न बोलता एक प्रश्न विचारला, “टीचर, डंपिंग बंद होणार म्हणतात. मग आम्ही कुठं जायचं?”

माझ्या वहीतल्या फायद्याच्या रकान्यात एकच ओळ होती. त्या ओळीत ही बाई नव्हती, तिच्या गोण्या नव्हत्या, तिने वेचलेल्या प्लॅस्टिकवर चालणारी भंगाराची दुकानं नव्हती. ‘पुष्कळ’ मोजताना मी आमच्या इमारतीच्या गॅलरीतून जेवढी माणसं दिसतात तेवढीच मोजली होती.

स्वाध्याय पुन्हा लिहिला

दुसऱ्या वेळी मी जॉन रॉल्सची मदत घेतली. १९७१ च्या आपल्या ग्रंथात रॉल्स सांगतो की समाजाचे नियम ‘अज्ञानाच्या पडद्या’आड बसून ठरवायला हवेत. म्हणजे आपण कोण म्हणून जन्माला येणार हे माहीत नाही असं समजायचं. गॅलरीत उभी राहणारी शिक्षिका होईन की गोणी उचलणारी आई, ठाऊक नाही. मग मी ‘बंद करा’ एवढंच म्हणेन का? ‘चालू ठेवा’ असंही म्हणणार नाही, कारण धूर तिच्याच छातीत जातो. मी विचारेन : बंद करताना तिचं काय ठरलं?

हा प्रश्न पुस्तकी नाही. डंपिंगच्या जागेपैकी सुमारे १२४ एकर धारावी पुनर्विकासातल्या कुटुंबांच्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवण्याची योजना महापालिकेने पुढे आणली. धारावीचं माणूस, देवनारचा कचरावेचक आणि माझ्यासारखा शेजारी अशा तिघांचं हित इथे एकमेकांत अडकलेलं आहे. उत्तरं कुणीच शोधली नाहीत असंही नाही. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ उपक्रम सुरू करून कचरावेचक बायकांना संघटित केलं, ओला-सुका कचरा वेगळा करणं, खत आणि बायोगॅस यांचं प्रशिक्षण दिलं. म्हणजे तेच हात, पण डोंगरावर न चढता आणि कामाला ओळख मिळून.

कॅरल गिलिगन या अभ्यासिकेने १९८२ साली आणखी एक मुद्दा मांडला. नीतीचा विचार हक्क आणि नियमांच्या भाषेत होतो तसाच नात्यांच्या आणि काळजीच्या भाषेतही होतो, आणि ही दुसरी भाषा कमी दर्जाची नाही. हे वाचून मला बरं वाटलं. त्या घरी गेले नसते, तर रॉल्सचा पडदाही मला नुसता परीक्षेपुरता समजला असता.

वर्गात आणि घरात काय करता येईल?

यानंतर मी मूल्यशिक्षणाच्या तासात काही बदल केले. सोपे आहेत, कुणालाही करता येतील.

१. ‘नेहमी खरे बोलावे’ असं वाक्य देण्याऐवजी प्रसंग द्यावा. कौशिकाची गोष्ट मध्येच थांबवून विचारावं : तुम्ही काय केलं असतं? का?

२. एकाच प्रश्नाला तीन बाजूंनी बघायला लावावं. किती जणांचं भलं होईल? हा नियम सगळ्यांनी पाळला तर चालेल का? सगळ्यांत जास्त झळ कुणाला बसेल?

३. ‘यात कोण राहून गेलं?’ हा प्रश्न शेवटी हमखास विचारावा. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात.

४. खऱ्या मुलाचा खरा प्रसंग वर्गासमोर उदाहरण म्हणून घेऊ नये. गोष्टीतला, वर्तमानपत्रातला किंवा स्वतःचा घ्यावा.

५. पालकांसाठी एकच. मूल खोटं बोललं तर ‘का बोललास?’ याच्या आधी स्वतःला विचारावं, ‘खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?’

शेवटी

तो मुलगा शाळेत परत आला. चार सोमवार सलग आला. पाचव्या सोमवारी नव्हता. मंगळवारी मी हजेरी घेण्याआधीच टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, “टीचर, काल गेलो होतो.” या वेळी चिठ्ठी नव्हती.

गैरहजेरीच्या कारणात मी लिहिलं : घरचे काम. ते खरं आहे आणि पुरतं खरं नाही. माझंही ‘नरो वा कुंजरो वा’च झालं. पूर्ण खरं लिहिलं तर पुढे काय होईल, त्याला शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळेल की आईच्या दाराशी नुसतीच चौकशी येईल, याची मला खात्री नाही. तरीही गप्प बसणं मला पटलेलं नाही. आई आणि मुख्याध्यापक या दोघांशी पुढच्या आठवड्यात एकत्र बोलायचं ठरवलं आहे. या वेळी तरी जिच्याविषयी ठरवायचं, ती समोर बसलेली असेल.

नीतिशास्त्राच्या पेपरला मला बरे गुण मिळाले. हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. तुमच्या वर्गात असा एखादा सोमवार असेल, तर तुम्ही रकान्यात काय लिहिता?