मुका नळ

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो. परंतु त्याचे बरेचसे पाणी उतारावरून ओढ्यानाल्यांवाटे समुद्रास जाऊन मिळते. म्हणून वैशाखात अनेक पाड्यांवरील विहिरी तळ गाठतात आणि मायबहिणींना दूरवरून हंडे भरून आणावे लागतात. अशा वेळी हंड्यास बारीकशी चीर पडली, तरी खांद्यावर थेंब पडताच ती त्यांच्या ध्यानी येते.

नळाचे तसे नसते. प्रत्येक ग्रामीण घरी दररोज माणशी किमान ५५ लीटर पाणी नळाने पोहोचावे, या हेतूने भारत सरकारने २०१९ साली ‘जल जीवन मिशन’ आरंभिले. डोक्यावरचा हंडा उतरावा, हे केवढे सुख! परंतु जमिनीखालचा नळ फुटला, तर तो मुकाट्याने गळत राहतो. दर सेकंदास एकच थेंब गळला आणि २० थेंबांचा एक मिलिलीटर धरला, तरी वर्षात सुमारे १,५७७ लीटर पाणी वाया जाते. एका माणसाचे हे सुमारे २९ दिवसांचे पाणी होय.

ही गळती मीटरवरून ओळखता येते. घरातील सर्व तोट्या बंद असताही मीटर फिरत असेल, तर पुढे कोठेतरी पाणी झिरपत आहे, असे समजावे. पण मीटर रोज पाहतो कोण? बिल हाती येईपर्यंत पाणीही जाते आणि पैसाही. मीटरच्या पुढचा नळ घरमालकाचा, हे खरे. परंतु वाढलेला खर्च आधी दिसू शकतो तो नोंद ठेवणाऱ्यास. म्हणून पाणीपुरवठा करणाऱ्याने ग्राहकास वेळीच सावध करावे, असा नियमच असला पाहिजे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात मीटरची नोंद आपोआप कार्यालयात पोहोचते. एखाद्या घरी सलग तीन दिवस पाणी क्षणभरही थांबले नाही, तर तेथून त्या घरी सूचना जाते.

आपल्या पाड्यावर मीटर नसेल, तर काय करावे? भर उन्हाळ्यात नळाच्या वाटेवरील माती ओली दिसली, तर ग्रामपंचायतीस त्वरित कळवावे. मुक्या नळाची वाचा आपणच व्हावयाचे आहे.

स्वाध्याय

१. हंड्याची गळती लगेच कळते, नळाची का कळत नाही?
२. ग्राहकास सावध करण्याचे काम पाणीपुरवठा करणाऱ्याचे का मानावे?
३. शाळेतील गळकी तोटी शोधा. तिच्याखाली एक तास भांडे ठेवून दिवसभरात किती पाणी वाया जाते, ते काढा.