दस, नौ, आठ

(संकटात सापडलेल्या मुलांसाठी टेलिफोनचा उपयोग कसा झाला, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, दहा, नऊ, आठ हे आकडे उर्दूत म्हणून पाहा. दस, नौ, आठ! हेच आकडे ओळीने लिहिले की एक दूरध्वनी क्रमांक तयार होतो : १०९८. संकटात सापडलेल्या कोणत्याही मुलाने किंवा मुलीने दिवसा अथवा रात्री केव्हाही लावावा, असा हा क्रमांक आहे. या सेवेचा जन्म आपल्या महाराष्ट्रात, मुंबईत झाला.

मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर आणि पदपथांवर अनेक मुले राहत असत. कोणी घरातून पळून आलेले, कोणी गर्दीत हरवलेले, तर कोणी अनाथ. शहरात रुग्णालये होती, बालगृहे होती, मदत करणाऱ्या संस्थाही होत्या. पण रात्री तापाने फणफणलेल्या मुलाने कोणाचे दार ठोठवावे? मदत होती, मूलही होते. दोघांची भेट मात्र होत नव्हती.

त्या काळी जेरू बिलिमोरिया या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवत होत्या. रस्त्यावरच्या मुलांशी त्यांची ओळख होती. अडचण आली की ही मुले त्यांना अवेळीही फोन करत. त्यातूनच एक कल्पना पुढे आली. अशा सर्व मुलांसाठी एकच क्रमांक का नसावा? जून १९९६ मध्ये 'चाइल्डलाइन' ही सेवा प्रयोग म्हणून सुरू झाली.

टेलिफोन हे यंत्र काही नवे नव्हते. नवा होता तो त्यामागचा विचार. मुलाच्या खिशात नाणे नसते, म्हणून हा फोन विनामूल्य ठेवला. निरक्षर मुलाला लांबलचक क्रमांक आठवत नाही, म्हणून चारच आकडे घेतले. मुलांनी इंग्रजी आकडे बाजूला सारले आणि 'दस, नौ, आठ' असे सोपे नाव रूढ केले. फोन घेणाऱ्यांमध्ये स्वतः रस्त्यावर वाढलेले तरुणही होते. मुलाची भाषा आणि त्याची भीती त्यांना चटकन कळे. शहरात साठ मिनिटांच्या आत मुलापर्यंत पोहोचायचे, असे ध्येय कार्यकर्त्यांनी ठेवले.

काही मुले फोन लावत आणि बोलतच नसत. पलीकडचा माणूस रागावेल की काय, अशी धास्ती त्यांना वाटे. अशा वेळी फोन घेणारे धीराने वाट पाहत. विश्वास बसला की मूल बोलू लागे.

हळूहळू ही सेवा देशभर पसरली. १९९९ साली तिच्यासाठी 'चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. २०२३ पासून हे काम शासनाच्या 'मिशन वात्सल्य' योजनेतून चालते. आता १०९८ हा क्रमांक ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडलेला आहे. त्यामुळे मुलाच्या जिवाला धोका असेल तर पोलिसांनाही लगेच कळवता येते.

समजा, कल्याण स्थानकावर एक लहान मुलगा एकटाच रडत बसला आहे. तुम्ही १०९८ लावता. मूल कोठे आहे, वय किती असेल, दुखापत झाली आहे का, असे प्रश्न विचारले जातात. तुम्ही शांतपणे उत्तरे द्या. मग ही माहिती मदत करणाऱ्या लोकांकडे जाते आणि ते मुलापर्यंत येतात. कायद्यानुसार, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. त्याला घरी पाठवणे योग्य आहे की बालगृहात ठेवणे, हे समिती ठरवते.

हरवलेल्या मुलांसाठीच हा क्रमांक आहे, असे मात्र समजू नका. कायद्याने मुलीचे लग्न अठराव्या वर्षाआधी आणि मुलाचे एकविसाव्या वर्षाआधी करता येत नाही. तुमच्या वर्गातील एखादी मैत्रीण अचानक शाळेत येईनाशी झाली आणि तिचे लग्न ठरल्याचे कानांवर आले, तर काय कराल? एखाद्या मुलाला कारखान्यात राबवले जात असेल, किंवा घरातलेच कोणी त्याला छळत असेल, तर गप्प बसाल का? "आपल्याला काय त्याचे?" असे म्हणू नका. अशी गोष्ट सांगणे म्हणजे चहाडी नव्हे. ते एका मुलाचे आयुष्य वाचवणे आहे. मात्र गंमत म्हणून हा क्रमांक कधीही लावू नका. त्याच क्षणी खरोखर अडचणीत असलेले एखादे मूल ताटकळत असेल.

तार जोडते, यंत्र बोलावते. पण रडणाऱ्या मुलाचा हात धरायला माणूसच लागतो. फोन लावणारे तुम्ही त्यातले पहिले माणूस आहात.

शब्दार्थ
विनामूल्य – फुकट, मोफत
निरक्षर – लिहितावाचता न येणारा
धास्ती – भीती
आपत्कालीन – संकटाच्या वेळचा
चहाडी – चुगली
ताटकळणे – खूप वेळ वाट पाहणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'चाइल्डलाइन' ही सेवा कोणत्या शहरात सुरू झाली?
(आ) हा फोन विनामूल्य का ठेवला?
२. 'टेलिफोन नवा नव्हता, विचार नवा होता.' हे विधान तीन-चार वाक्यांत स्पष्ट करा.
३. 'तापाने फणफणणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
४. १०९८ हा क्रमांक तुमच्या वर्गात मराठीत व उर्दूत लिहून लावा.