चेसीसचा गंज रंगाने झाकू नये

मालेगाव, भिवंडीहून गठ्ठे आणण्यासाठी आम्ही नाशिकचे कापड व्यापारी बहुधा जुनी पिकअप घेतो. गाडी देशी असो वा परदेशी बनावटीची, सारा भार चेसीसवर असतो. पावसाळ्यात चिखल चेसीसच्या पोकळीत साचतो व गंज आतून लोखंड खातो. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

म्हणून खरेदीपूर्वी मागील पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ हातोडीने हलके ठोके मारावेत. खणखणीत आवाज आला तर लोखंड चांगले. बद आवाज आला किंवा पापुद्रे निघाले, तर आत गंज आहे असे समजावे.

दुरुस्तीच्या वेळी गाडी रिकामी करून समतल टेकवावी. बॅटरीच्या तारा सोडाव्यात, डिझेलची टाकी व ब्रेकचे पाइप बाजूला घ्यावेत. चांगले लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापावा आणि तेवढ्याच जाडीची प्लेट जाणत्या वेल्डरकडून बसवावी. गंजावर वेल्डिंग धरत नाही. शेवटी रेड ऑक्साइड व रंग द्यावा. पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवावीत.

आठ वर्षांपुढील मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी होते, पण त्यावर विसंबून राहू नये. कसारा घाटात चेसीस मोडली तर ड्रायव्हरच्या जिवावर बेतते.

लांबी भरून अशी गाडी विकणे म्हणजे ऐब लपविणे. इस्लाममध्ये ते हराम आहे. थानातील डाग आपण गिऱ्हाइकाला दाखवितो, तसाच गाडीचा गंजही दाखवावा.