नवा पाइप जोडण्याआधी जुना मोजून घे

लेस्टरमधलं ते जुनं घर घेतलंस, फार बरं वाटलं बघ. आता स्वयंपाकघराची भिंत पाडायची म्हणतेस, म्हणजे तिच्यावरचा रेडिएटर हलणार आणि लाकडी जमिनीखालचे हीटिंगचे पाइपही फिरवावे लागणार. प्लंबर ‘होऊन जाईल’ म्हणाला की आपण गप्प बसतो. तू बसू नकोस गं.

आधी एखादी फळी उचलायला लाव आणि जुना पाइप मोजून घे. इंग्लंडमध्ये १९७०च्या सुमारापर्यंत तांब्याचे पाइप इंचांच्या मापात यायचे, पुढे मिलिमीटरमध्ये यायला लागले. अर्ध्या इंचाच्या पाइपवर १५ मिलिमीटरचं कॉम्प्रेशन फिटिंग सहसा बसतं, एक इंचीवर २८चं. घोळ होतो तो पाऊण इंचीचा. दिसायला तो २२सारखाच, पण किंचित बारीक असतो. त्यावर २२चं फिटिंग चढतं, नटही फिरतो, पण आतली ऑलिव्ह नावाची पितळी रिंग पाइपला घट्ट धरत नाही. मग पाइप तापून-थंडावून हलायला लागला की सांध्यातून पाणी झिरपतं. या मापासाठी वेगळं अडॅप्टर मिळतं, तेच आणायला सांग.

नवा पाइप प्लास्टिकचा टाकणार असतील, तर त्याच्या टोकात आतून आधार देणारा इन्सर्ट घातलाय ना, हे स्वतः बघ. जुन्या तांब्यावर रंगाचे डाग किंवा ओरखडे असतील, तर नुसत्या दाबून बसवायच्या पुश-फिट सांध्यातल्या रबरी रिंगेचं काही खरं नाही. तिथलं तांबं घासून गुळगुळीत करून घ्यायला लाव. बॉयलरला लागून मात्र तांब्याचाच पाइप हवा.

जमिनीखालच्या तुळया वाटेल तिथे कापू देऊ नकोस, लाकडी जमीन त्यांच्यावरच टेकलेली आहे. आणि बॉयलरच्या गॅसला हात लावायचा असेल, तर गॅसच्या कारागिरांच्या ‘गॅस सेफ’ नोंदणीचं कार्ड बघितल्याशिवाय कुणाला आत घेऊ नकोस. कार्डाच्या मागे तो माणूस कोणती कामं करू शकतो ते लिहिलेलं असतं.

या कामासाठी हीटिंगमधलं पाणी काढून नवं भरलं की त्यासोबत ऑक्सिजन येतो, रेडिएटर आतून गंजतात आणि काळा गाळ साचतो. म्हणून गंज रोखणारं इन्हिबिटर त्या पाण्यात घालायचं विसरू देऊ नकोस.

फळ्या ठोकण्याआधी सगळ्या पाइपांचे फोटो काढून ठेव. हीटिंग पूर्ण तापव, थंड होऊ दे, मग प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवून बघ. कागद जराही ओला झाला, तर एकही खिळा मारू देऊ नकोस.