कमळखोऱ्यातील बाग

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बोगिल नावाचे लहानसे बेट आहे. बोटीने शेजारच्या नोह्वा बेटावर उतरावे आणि पूल ओलांडून तेथे जावे. १६३७ साली राजाने मांचू सैन्यापुढे शरणागती पत्करल्याची वार्ता ऐकून व्यथित झालेले कवी यून सन-दो (१५८७-१६७१) जेजू बेटाकडे निघाले होते. वाटेत हे बेट त्यांना भावले व त्यांनी येथेच वस्ती केली. भोवतालचे डोंगर उमलू पाहणाऱ्या कमळासारखे दिसले, म्हणून खोऱ्याला त्यांनी बुयोंगदोंग, म्हणजे कमळखोरे, असे नाव दिले. नाव आपल्याला जवळचे वाटते. परंतु यून हे कन्फ्यूशियसच्या परंपरेतील विद्वान होते, आणि त्या काळच्या जोसन राजवटीत बौद्ध भिक्खूंना राजधानीत प्रवेशही निषिद्ध होता.

बागेचे मर्म पाण्यात आहे. उभ्या शिळांच्या दोन भिंती, मध्ये चुन्याचा भराव आणि वर सपाट फरशा, असा बांध घालून ओढा अडवला आहे. पाणी कमी असले की हाच बांध पूल होतो. पावसाळ्यात त्याच्यावरून धबधबा कोसळतो. तळ्यातील मूळचे प्रचंड खडक हलवलेले नाहीत. पुढच्या कृत्रिम तळ्याकडे नेणाऱ्या मार्गात पाणी पाच मुखांनी शिरते व तीन मुखांनी बाहेर पडते. दोन तळ्यांमध्ये सेयनजंग हा चहूबाजूंनी उघडा मंडप आहे. पाण्यावर जबरदस्ती न करता त्याला वळवण्याची ही विद्या आम्हांस फार मोलाची वाटते.

तरीही आपण एक प्रश्न विचारलाच पाहिजे: या शिळा वाहिल्या कोणी? जोसन समाजात नोबी नावाचा वंशपरंपरागत दासवर्ग होता. ती प्रथा कायद्याने १८९४ मध्ये संपली. यून यांनी १६५१ साली याच बेटावर कोळ्याच्या जीवनावर चाळीस कडव्यांचे काव्य रचले, तेही दरबारी चिनीत नव्हे, तर लोकांच्या कोरियन भाषेत. हे त्यांचे मोठेपण निःसंशय आहे. मात्र त्या काव्यातील कोळी हा होडीत विसावलेला विद्वान आहे. जाळ्यावर पोट असणारा माणूस नव्हे.

समोरच्या डोंगरकड्यावर त्यांची एक छोटी कुटी आहे. तेथून सारे खोरे दिसते. खालून जेवण व सामान दोराने वर ओढण्याची खडकातील जागाही तेथे दाखवतात.