हायकू विंडोजला टक्कर देईल?

प्रश्न : ‘हायकू’ ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम माझ्या जुन्या लॅपटॉपवर झटकन चालते. ती विंडोज, मॅकला टक्कर देईल का?

उत्तर : अवघड आहे, पण कारण वेगाचं नाही. आणि नवी कुठली, २००१पासून काम चालू आहे, अजून बीटाच, म्हणजे चाचणी आवृत्तीच! ती बेतलीय ‘बीओएस’ या जुन्या सिस्टीमवर. तिची गोष्टच तुमचं उत्तर आहे. बीओएस नव्वदच्या दशकात एकाच वेळी अनेक व्हिडिओ न अडखळता चालवायची. १९९६मध्ये ॲपल ती विकत घेणार होती. किंमत जमली नाही, ॲपलने नेक्स्ट ही दुसरी कंपनी घेतली. हिताचीने काही संगणकांवर विंडोजसोबत बीओएस घातली, पण सुरू करताना ती निवडायचा मेनूच दिसेना. परवान्याच्या अटी दाखवून मायक्रोसॉफ्टने वाट अडवली, हा बीओएस बनवणाऱ्या कंपनीचा आरोप. २००१मध्ये १.१ कोटी डॉलरला पाम कंपनीने बीओएससह सगळं घेतलं. पुढे मायक्रोसॉफ्टने या आरोपावरच्या दाव्यात तडजोड म्हणून दिलेली रक्कम त्याच्या दुपटीहून जास्त होती!

बहुतेक लोक सिस्टीम निवडत नाहीत, दुकानातून भरून आलेली वापरतात. क्रोमओएसला जागा मिळाली तीही ती भरूनच येणाऱ्या क्रोमबुक लॅपटॉपमुळे. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर हायकूवर मिळणार नाही, प्रिंटरचीही खात्री नाही. पेनड्राइव्हवरून हौसेनं जरूर चालवा. हिशेबाचा संगणक मात्र सोडा.