कौटुंबिक ताणाच्या काळात धूमपानमुक्तीचे रक्षण

विषयप्रवेश

धूमपान सोडविणे आणि सुटलेले धूमपान सुटलेलेच राखणे, ही चिकित्सेची दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्या कार्याविषयी आपल्या व्यवसायात पुष्कळ बोलले व लिहिले जाते. दुसरे कार्य मात्र आपण बहुधा रुग्णाच्या मनोनिग्रहावर सोपवून मोकळे होतो. गगनबावडा तालुक्यात चिकित्सा करताना आमच्या अनुभवास असे आले आहे की, विडी सोडून तीन महिने, सहा महिने, क्वचित वर्ष लोटलेला मनुष्य पुन्हा विडीकडे वळतो, तो सहसा मौजेखातर नव्हे. घरात काहीतरी घडलेले असते. वडिलांचे आजारपण, मुलीचे लग्न, भावाभावांतील वाटणी, सुनेचे बाळंतपण, जवळच्या माणसाचा मृत्यू, पुरात गेलेले पीक, अशी कारणे असतात. "डॉक्टर, एवढं कार्य पार पडू दे, मग सोडतोच बघा," हे वाक्य वाचकांपैकी प्रत्येक वैद्याने ऐकले असेल.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूमपान करणारे ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. यावरून धूमपानाचा प्रश्न आपल्या राज्यापुरता लहान आहे असे वाटेल. परंतु ताणाच्या प्रसंगी विडी सोडलेला मनुष्य तंबाखू-चुन्याची चिमूट लावतो आणि धूर नाही म्हणून आपण व्यसनमुक्तच आहोत असे मानतो, ही गोष्ट नित्य पाहावयास मिळते. म्हणून पुढील विवेचन विडी-सिगारेटविषयी असले, तरी ते तंबाखूच्या सर्व रूपांना लागू समजावे.

शास्त्रोक्त धूम आणि तंबाखूचा धूर

काही रुग्ण, आणि खेदाने म्हणावे लागते की काही व्यावसायिकही, चरकसंहितेतील धूमपानाचा दाखला देतात. या शंकेचे निरसन प्रथम करणे आवश्यक आहे. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात वर्णिलेला प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक धूम हा औषधी द्रव्यांच्या वर्तीचा असून त्याचे काल व मात्रा निश्चित आहेत. तंबाखू ही वनस्पती अमेरिका खंडातील आहे. ती पोर्तुगीजांच्या संपर्कानंतर आपल्याकडे आली. त्यामुळे बृहत्त्रयीत तिचा उल्लेख असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

याहून महत्त्वाची बाब अशी की, त्याच अध्यायात धूमपानास अयोग्य व्यक्तींची जी गणना आहे, तिच्यात शोकग्रस्त, श्रमाने थकलेला आणि जागरण झालेला यांचा समावेश आहे. म्हणजे ज्या अवस्थांत आपला रुग्ण विडीची मागणी करतो, नेमक्या त्याच अवस्थांत आचार्यांनी औषधी धूमही वर्ज्य सांगितला आहे. सबब वनौषधींची विडी हा पर्याय म्हणून सुचवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पान कोणतेही जाळले तरी धुरात कार्बन मोनॉक्साइड व डांबर असतेच, शिवाय ओढण्याची सवयही जिवंत राहते. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर तर २०१९ च्या कायद्याने देशात बंदीच आहे.

ताण हलका झाल्याचा भास

विडीने मन शांत होते, हा रुग्णाचा अनुभव खोटा नसतो, पण त्याचा त्याने लावलेला अर्थ चुकीचा असतो. ओढलेले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. ते घटू लागले की अस्वस्थता, चिडचिड व चित्ताची अस्थिरता उत्पन्न होते. पुढची विडी ही अस्वस्थता शमविते. वडिलांच्या आजारपणाची चिंता जशीच्या तशी राहते, फक्त तिच्यावर चढलेले निकोटीनच्या अभावाचे ओझे तात्पुरते उतरते. रुग्ण मात्र चिंताच उतरली असे समजतो. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, २६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, धूमपान सोडणाऱ्यांमध्ये चिंता, खिन्नता व ताण हे धूमपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे आढळले. हा निष्कर्ष रुग्णास त्याच्या भाषेत सांगावा.

पाच वेगांचा विचार

तथापि एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ज्ञान असूनही मनुष्य घसरतो. त्याचे कारण शोधताना आम्हांस सूत्रस्थानाचा सातवा, नवेगान्धारणीय अध्याय विशेष मार्गदर्शक वाटला. त्यात सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांपैकी क्षुधा, पिपासा, बाष्प, निद्रा आणि श्रमनिःश्वास हे पाच वेग कौटुंबिक संकटात हमखास रोखले जातात.

आपल्या भागातील कर्त्या पुरुषाचे उदाहरण घ्यावे. घरात मृत्यू झाला असता त्याने चारचौघांत रडू नये, अशी अपेक्षा असते. आलेल्या-गेलेल्यांची व्यवस्था पाहताना त्याचे जेवण राहून जाते. रात्री जागरण घडते. पाणी पिण्याचेही भान राहत नाही. दमला तरी दीर्घ उसासा टाकून क्षणभर बसण्याची त्याला सवड नसते. अशा वेळी गोठ्यामागे जाऊन ओढलेली विडी त्याला काय देते? माणसांतून उठून बाहेर जाण्याची सबब देते, दीर्घ श्वास घेऊन सोडण्याची संधी देते, भूक मारते, झोप लांबविते आणि अश्रू गिळण्यास साहाय्य करते. म्हणजे तीन वेग दाबण्याचे साधन आणि एका वेगाला वाट देण्याचे निमित्त, अशी दुहेरी कामे ती करते. हे स्थान रिकामे ठेवून "विडी ओढू नका" एवढेच सांगणे ही अपुरी चिकित्सा होय.

या वेगांच्या अवरोधावरील उपक्रम त्याच अध्यायात आहेत आणि ते घरोघरी करता येण्याजोगे आहेत. क्षुधावरोधावर स्निग्ध, उष्ण व लघु अन्न सांगितले आहे. आपल्याकडे मऊ भात, तूप व मुगाचे कढण हे त्याचे सुलभ रूप होय. पिपासावरोधावर शीत तर्पण, निद्रावरोधावर झोप व अंगमर्दन, श्रमनिःश्वासाच्या अवरोधावर विश्रांती व वातघ्न उपचार सांगितले आहेत. बाष्पावरोधावर झोप आणि प्रिय गोष्टी बोलणे-ऐकणे यांचा निर्देश आहे. तेथे मद्याचाही उल्लेख आहे, परंतु मद्य व विडी यांचे साहचर्य पाहता धूमपान सोडलेल्या रुग्णास ते कटाक्षाने टाळण्यास सांगावे.

शोक, भय, क्रोध, लोभ इत्यादी मनोवेग धारण करावेत, असेही हाच अध्याय सांगतो. याचा अर्थ अश्रू रोखावेत असा नव्हे. शोकाच्या आवेगात अहितकर कृती करू नये आणि बाष्पाचा शारीर वेग मात्र अडवू नये, असा या दोन उपदेशांचा मेळ घालावा. आमच्या मते सत्त्वावजय चिकित्सेचे सार येथेच आहे.

आगोटीपूर्वीची तयारी

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातील अतिवृष्टीचा तालुका आहे. पावसाळ्यात कोल्हापूरकडील रस्ता पुराच्या पाण्याने बंद होणे नवे नाही. म्हणून येथील शेतकरी जून उजाडण्यापूर्वी घर शाकारतो, जळण आत घेतो, धान्य भरून ठेवतो. पाऊस सुरू झाल्यावर कौले चढविता येत नाहीत, हे त्यास ठाऊक असते. धूमपानमुक्तीचे रक्षणही याच रीतीने, ताण येण्यापूर्वी योजावे. वाग्भटाचार्यांनी ऋतुसंधीच्या चौदा दिवसांत पूर्वीचा आहारविहार क्रमाने सोडून नवा स्वीकारण्यास सांगितले, त्यामागील दृष्टीही हीच आहे.

योजना करताना पुढील मुद्दे उपयुक्त ठरतात :

१) प्रत्येक भेटीत, येत्या तीन महिन्यांत घरात काय योजिले आहे किंवा काय संभवते, हे विचारावे. लग्न, शस्त्रक्रिया, बाळंतपण, कर्जफेड व उसाचा हंगाम यांची नोंद रुग्णपत्रिकेत करावी.

२) मागील वेळी कोणत्या प्रसंगी विडी ओढली आणि त्या दिवशी जेवण व झोप कशी होती, हे विचारावे. कोणता वेग रोखला गेला होता ते बहुधा या उत्तरातच सापडते.

३) घरातील एक व्यक्ती सोबतीस नेमावी. तिने पहारा करावयाचा नाही, टोमणे तर मुळीच मारावयाचे नाहीत. "तुम्ही आता जेवून घ्या, मी बसते," असे म्हणून त्यास योग्य वेळी मोकळे करणे, एवढेच तिचे काम.

४) दुखवट्याच्या बैठकीत किंवा लग्नघरी चंची व विडीचे बंडल फिरते. नकार देण्याचे वाक्य आधीच ठरवून ठेवावे. तोंडात चघळण्यास बडीशेप, लवंग किंवा वेलदोडा ठेवावा. सुपारी देऊ नये. ती स्वतंत्रपणे कर्ककारक आहे.

५) तल्लफ बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ उठून बाहेर जावे, दहा वेळा सावकाश श्वास घेऊन सोडावा, पाणी प्यावे, हाताला काम द्यावे. बाहेर जाण्याची सबब विडीवाचूनही घेता येते, हे रुग्णास सांगावे लागते.

६) चहा निम्म्यावर आणावा. विडी सुटल्यावर शरीरातील कॅफिनचा निचरा मंदावतो. त्यामुळे पूर्वीइतकाच चहा अधिक अस्वस्थता व निद्रानाश करतो आणि रुग्ण त्यास विडीची तल्लफ समजतो. याच कारणाने थिओफिलिन घेणाऱ्या श्वासरुग्णाने धूमपान सोडल्यास मात्रेच्या पुनर्विचारासाठी त्यास संबंधित डॉक्टरांकडे अवश्य पाठवावे.

एक रुग्णानुभव

पन्नाशीतील एका शेतकऱ्याने सात महिने विडी बंद ठेवली होती. वडिलांना कोल्हापूर येथे रुग्णालयात दाखल केल्यावर तो सलग तीन रात्री व्हरांड्यात बसून राहिला. जेवण अनियमित, चहा अनेकदा, झोप जवळजवळ नाही. तिसऱ्या रात्री शेजारच्या नातेवाइकाने पुढे केलेली विडी त्याने घेतली आणि घरी परतेपर्यंत दिवसाचे बंडल पूर्ववत झाले. पुन्हा सोडविताना आम्ही पत्नी व धाकटा भाऊ यांना बोलावून घेतले. पुढील आजारपणात पाळ्या लावल्या गेल्या, घरून डबा गेला, रात्री घरी आल्यावर पायांना तेल चोळून झोप घडविली गेली. वडील गेले त्या दिवशी तो बहिणीजवळ बसून मनसोक्त रडला, असे पत्नीने पुढे सांगितले. त्या दिवसांत त्याने विडी घेतली नाही आणि त्यानंतरच्या दीड वर्षातही घेतली नाही. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु मनुष्य तोच होता, दुसरा प्रसंग पहिल्याहून कठीण होता आणि बदलली होती ती केवळ व्यवस्था, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

औषधीविचार

अभ्यंग, पादाभ्यंग, तसेच प्रकृती पाहून ब्राह्मी, जटामांसी, अश्वगंधा यांची योजना साहाय्यक म्हणून करावी. विडी सुटल्यावर होणाऱ्या मलावष्टंभावर त्रिफळा उपयोगी पडते. परंतु सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागणाऱ्या रुग्णात निकोटीनचे अवलंबित्व तीव्र असते. तेथे केवळ आपल्या औषधींवर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत समुपदेशनासोबत निकोटीन-पर्यायी उपचार, व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन व सायटिसीन यांची शिफारस केली आहे. अशा रुग्णास योग्य ठिकाणी पाठविण्यात कमीपणा मानू नये. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेची माहितीही द्यावी.

घसरण झाल्यास

सातव्या अध्यायातच अहितकर सवय चतुर्थांशाने क्रमशः सोडण्याचा पादांशिक क्रम आहे. काही रुग्ण तो उलटा लावतात. एवढ्या संकटात चौथा हिस्सा चालेल, असे म्हणतात. हा क्रम सोडण्यासाठी आहे, पुन्हा धरण्यासाठी नाही. मद्य सोडलेल्याने पुन्हा एकाएकी अतिमद्यपान केल्यास ध्वंसक व विक्षय हे व्याधी उद्भवतात, असे चरकाचार्यांनी मदात्ययचिकित्सेत सांगितले आहे. तंबाखूचे व्याधिस्वरूप भिन्न असले, तरी सोडलेल्या व्यसनाकडे परतणे ही स्वतंत्र चिकित्सेची अवस्था आहे, हा बोध त्यातून घेता येतो.

तरीही एखादी विडी ओढली गेलीच, तर ती घसरण होय. संपूर्ण पुनरावृत्ती नव्हे. "आता मोडलंच, तर मग काय," या विचाराने जी हानी होते ती त्या एका विडीने होत नाही. रुग्णाने त्याच दिवशी उरलेले बंडल टाकून द्यावे आणि शक्य तितक्या लवकर वैद्यास भेटावे. तो लाजेने भेट टाळतो, म्हणून घसरल्यास दुसऱ्या दिवशी येण्याचे निमंत्रण आपण पहिल्याच भेटीत द्यावे. आल्यावर त्याची कानउघाडणी न करता त्या दिवशीचे जेवण, झोप व अश्रू यांविषयी विचारावे.

उपसंहार

कौटुंबिक ताण टाळता येत नाही, पण त्यात रोखले जाणारे वेग ओळखता येतात आणि त्यांना वाट करून देता येते. ज्या घरात कर्त्या माणसाला वेळेवर जेवण, झोप आणि रडण्याची मुभा मिळते, त्या घरात विडीचे काम पुष्कळ अंशी कमी होते. वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या रुग्णपत्रिकेत घरातील येऊ घातलेल्या प्रसंगांसाठी एक रकाना राखावा, अशी आमची नम्र सूचना आहे. तो भरण्यास दोन मिनिटे लागतात. इत्यलम्.